मराठा ढाल : अंबाबाईच्या हातापासून तालमीच्या आखाड्यापर्यंत

मराठा लढवय्याची ढाल गोल, मध्यभागी फुगीर आणि आकाराने बेताची असे. तिचा व्यास साधारण एक ते दोन फूट. दर्शनी बाजूवर धातूची चार फुले आणि आतल्या बाजूला मुठीत धरायच्या दोन वाद्या एवढ्यावर तिची ओळख पटते. तलवारीला नाव असते, तिच्यावर पोवाडे रचले जातात, तिच्या पोलादाची चर्चा होते. ढालीच्या वाट्याला हे कौतुक फारसे आले नाही. तरीही मराठी मुलखातली तलवारबाजी ढालीवाचून उभीच राहत नाही, कारण ज्याचा डावा हात सुरक्षित त्याचाच उजवा हात मोकळेपणाने चालतो.

ही ढाल समजून घ्यायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या हातात ती आहे, पंचक्रोशीतल्या वीरगळांवर ती कोरलेली आहे, नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती म्युझियमसारख्या संग्रहात जुनी हत्यारे जतन केलेली आहेत, आणि पेठांमधल्या तालमींत मर्दानी खेळ शिकणारी मुले-मुली ती आजही मुठीत धरतात.

घडण

ढालीसाठी सर्वांत जास्त वापरले गेले ते कातडे. म्हैस, रेडा आणि बैल यांचे कातडे कुठेही मिळण्याजोगे, म्हणून सामान्य शिपायाची ढाल बहुधा त्याचीच. सगळ्यांत मोलाची ढाल मात्र गेंड्याच्या कातड्याची. गेंडा सह्याद्रीतला प्राणी नव्हे, त्यामुळे हे कातडे किंवा तयार ढाल व्यापाराच्या वाटेनेच दख्खनेत येई. अहमदाबाद, सुरत आणि कच्छ ही ढालींच्या कारागिरीची नावाजलेली ठिकाणे होती, आणि तिथल्या बंदरांत पूर्व आफ्रिकेतूनही गेंड्याचे कातडे उतरत असे. काही ढाली कासवाच्या पाठीच्या कवचाच्या असत, तर सरदार-दरकदारांकडे पोलादी आणि पितळी ढालीही असत.

कोल्हापुरी पायताणासाठी लागणारे कातडे आणि ढालीचे कातडे यांत मोठा फरक आहे. पायताणाचे कातडे सालींच्या पाण्यात मुरवून कमावतात, म्हणून ते चिवट असूनही वाकते आणि पायाच्या आकाराला वळते. ढालीला असे वाकणारे कातडे चालत नाही. तिच्यासाठी कच्चे कातडे घेत. ते भिजवून, केस आणि मांस खरवडून काढत, ओले असतानाच घुमटासारख्या आकारावर ताणून बसवत आणि सावकाश वाळू देत. वाळताना कातडे आक्रसते, घट्ट होते आणि लाकडासारखे कडक बनते. मग त्याला तेल पाजून घासले जाई. गेंड्याच्या जाड कातड्यावर हे काम नीट झाले की ढालीला मधासारखा रंग येई आणि उजेडासमोर धरल्यास ती अर्धपारदर्शक दिसे. इतर ढालींवर काळ्या लाखेचे थर चढवत. पाणी कातड्याचा शत्रू असल्याने हा लेप पावसाळी मुलखात फार उपयोगाचा. त्या काळ्या, चकचकीत पृष्ठावर सोनेरी रंगाने वेलबुट्टी आणि शिकारीची दृश्येही रंगवली जात.

पोलादी ढालींचे तंत्र वेगळे. ठोकून घुमट काढलेल्या पत्र्यावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरबरीत करत आणि त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवत. हीच कोफ्तगिरी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेल्या अकबराच्या पोलादी ढालीवर बारा राशींची चिन्हे आहेत. अशी ढाल दरबारात मानाने शोभे. लढाईत मात्र कातड्याच्या ढालीचा एक खास गुण होता. वार बसला तरी कातडे तो थोडा पोटात घेते आणि हाताला बसणारा हादरा कमी होतो.

ढालीच्या पाठीकडे

संग्रहालयात ढाल बहुधा भिंतीवर टांगलेली असते, त्यामुळे तिची दर्शनी बाजूच दिसते. तिचे खरे यंत्र मात्र पाठीमागे असते. समोरची चार फुले शोभेसाठी लावलेली वाटतात. प्रत्यक्षात ती चार खिळ्यांची डोकी झाकतात. हे खिळे ढालीतून आरपार जाऊन मागच्या चार कड्यांना धरून ठेवतात. या कड्यांत दोन वाद्या ओवलेल्या असतात. दोन्ही वाद्या जवळ आणून एकत्र मुठीत धरल्या की ढाल पक्की होते. मुठीच्या आणि ढालीच्या मध्ये कापूस भरलेली चौकोनी गादी असते. समोरून घाव बसला तर बोटांची हाडे कातड्यावर आपटू नयेत, हे तिचे काम. पुष्कळ ढालींना आतून मखमल किंवा जाड कापडाचे अस्तर असते आणि खांद्याला अडकवायची आणखी एक लांब वादी असते.

मुठीतली ही पकड ढालीची चाल ठरवते. युरोपातली मोठी ढाल दंडाला बांधली जाई आणि तिच्या आड उभे राहता येई. मराठा ढाल मनगटाबरोबर फिरते. ती अंगापासून थोडी पुढे धरली जाते आणि येणाऱ्या वाराला वाटेतच गाठते. तिचा फुगीर आकारही त्याचसाठी असतो. तलवारीचे पाते गोलाईवर सरळ न रुतता घसरते आणि बाहेर जाते. वार थोपवण्यापेक्षा तो उधळून लावणे, हे या ढालीचे तत्त्व आहे. त्या क्षणी समोरच्याची तलवार आणि तोल दोन्ही बाजूला गेलेले असतात, आणि ढालवाल्याचा उजवा हात मोकळा असतो. समोरच्या फुलांच्या उंचवट्यांवर घसरते पाते अडखळते, हाही एक फायदा.

हलक्या फौजेची ढाल

मराठा फौजेचा भर घोडदळाच्या चपळाईवर होता. जड चिलखत घालून घाटवाटा ओलांडणे आणि लांबच्या मजला मारणे परवडणारे नव्हते. सरकारी घोडा आणि हत्यार वापरणारा बारगीर असो की स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन चाकरीला येणारा शिलेदार, अंगावर जाड सुती अंगरखा, कमरेला तलवार, हातात भाला आणि पाठीवर ढाल असा त्याचा सरंजाम सुटसुटीत असे. अंगावर लोखंड नसलेल्या स्वाराला ढाल हेच एक टणक संरक्षण होते. घोडा दौडत असताना ती पाठीवर असे, त्यामुळे मागून आलेला बाण किंवा वारही तिच्यावरच बसे. लगाम आणि ढाल एकाच डाव्या हाताला सांभाळावे लागत, म्हणूनही ती लहान असणे गरजेचे होते.

ढाल नसली तर काय होते, याची सर्वांत प्रसिद्ध हकीकत कोंढाण्याची आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह गडावर चढले आणि किल्लेदार उदेभानाशी त्यांची गाठ पडली. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत या द्वंद्वाचे वर्णन येते. तानाजींच्या हातातली ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत ते लढत राहिले, असे सभासद सांगतो. दोघेही त्या झुंजीत पडले. बखरकाराने एका तुटलेल्या ढालीची नोंद आवर्जून ठेवली, यावरून त्या काळच्या माणसांना द्वंद्वाचा तोल कशावर असतो हे किती नेमके ठाऊक होते ते कळते. तानाजींचे पुत्र रायबा यांच्याकडे पुढे पारगडची किल्लेदारी आली, अशी परंपरा आहे. तो पारगड कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात आहे.

ढालीला पर्यायही होते. दांडपट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबण. त्यामुळे पट्टेकऱ्याचा हत्यार धरलेला हात आपोआपच झाकला जाई. हा दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला.

दगडातली ढाल

शिवकाळाच्या कितीतरी आधी ही ढाल कोल्हापूरच्या मुलखात होती, याची साक्ष वीरगळ देतात. लढाईत किंवा गाईगुरांच्या रक्षणात पडलेल्या वीराचे स्मारक म्हणून उभारलेला शिळेचा हा प्रकार. करवीर तालुक्यातल्या बीड गावात अशा वीरगळांचा मोठा साठा आहे. बाराव्या शतकात या भागावर शिलाहारांचे राज्य होते, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर त्याच घराण्याच्या काळातले.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली पडलेला वीर किंवा त्याची झुंज, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. झुंजीच्या चौकटीत वीराच्या उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात ढाल दिसते. काही ढाली गोल, काही उभट. शिल्पकाराला हातभर जागेत अख्खी लढाई बसवायची असे. दागिने, चेहरा, घोड्याचा साज यांतले पुष्कळ त्याने गाळले, पण ढाल ठेवली. गावासाठी प्राण देणारा माणूस ढालीशिवाय दाखवणे त्याला पटण्यासारखे नव्हते.

देवीच्या हातातली ढाल

अंबाबाईची मूर्ती चतुर्भुज आहे. काळ्या पाषाणातल्या सुमारे तीन फूट उंचीच्या या मूर्तीच्या उजव्या दोन हातांत म्हाळुंग आणि गदा आहे, डाव्या दोन हातांत पानपात्र आणि खेटक. खेटक म्हणजे ढाल. रोजच्या साडी-दागिन्यांच्या पूजेत ती भाविकांना सहसा दिसत नाही, पण मूर्तीची शास्त्रीय ओळख ठरवताना तिला फार महत्त्व आहे. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीची जी आयुधे सांगितली आहेत, ती याच चार वस्तूंशी जुळतात.

लक्ष्मी म्हटले की कमळावर बसलेली, हातातून द्रव्याचा वर्षाव करणारी विष्णुपत्नी डोळ्यांसमोर येते. करवीरची देवी या रूपाहून वेगळी आहे. ती आदिशक्ती मानली जाते आणि तिच्या हातांतल्या वस्तूंमध्ये पोषण व संरक्षण दोन्ही आहेत. म्हाळुंगाचे फळ आणि पानपात्र जगाला पोसणारे, गदा दुष्टांना मारणारी आणि ढाल भक्तांना राखणारी. तिच्या हातात तलवार नाही, पण ढाल आहे. रक्षण करणे हे सामर्थ्याचे लक्षण आहे, ही समजूत या मूर्तीत शतकानुशतके उभी आहे. धामधुमीच्या काळात ही मूर्ती लपवून ठेवावी लागली होती. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १७१५ च्या विजयादशमीला तिची मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

विजयादशमी हा कोल्हापुरात आजही शस्त्रांच्या मानाचा दिवस आहे. आदल्या दिवशी, खंडेनवमीला घरोघरी हत्यारे-अवजारे पुसून, त्यांना गंध-फूल वाहून पूजा केली जाते. ज्या घरांत पूर्वजांची तलवार आणि ढाल जपलेली आहे तिथे त्या जोडीनेच पाटावर मांडल्या जातात. दसऱ्याच्या संध्याकाळी अंबाबाई आणि भवानी यांच्या पालख्या दसरा चौकात येतात, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते.

मान आणि ओळख

ढाल हे दर्जाचेही चिन्ह होते. दरबारातून मानाची वस्त्रे देताना तलवारीबरोबर ढाल देण्याची पद्धत होती. साध्या शिपायाच्या ढालीवर लोखंडी किंवा पितळी फुले, तर सरदाराच्या ढालीवर चांदी-सोन्याचा मुलामा असलेली. चंद्रकोर आणि सूर्य ही चिन्हेही पुष्कळ ढालींवर दिसतात. ढाल-तलवार बाळगून वाड्यावर, कचेरीत किंवा पालखीपुढे चालणाऱ्या शिपायाला ढालाईत म्हणत. पुढच्या काळात त्याचे काम निरोप्याचे आणि पहाऱ्याचे उरले, पण हातातली ढाल सरकारची सत्ता दाखवत राहिली.

ही खूण अजून पुसलेली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बोधचिन्हात तलवारी आणि ढाल आहे. शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत विजेत्यांना फिरती ढाल देतात, तिचा आकार युरोपीय वळणाचा असला तरी शौर्याचा मान म्हणून ढाल देण्याची कल्पना मराठी माणसाला परकी वाटली नाही.

हबसाणातली सख्खी बहीण

मुठीतली गोल, फुगीर, कातडी ढाल ही अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर आढळते. इथिओपियाच्या, म्हणजे जुन्या हबसाणाच्या, डोंगराळ पठारावरच्या अम्हारा लढवय्यांची ढाल, जिला तिथे गाशा म्हणतात, मराठा ढालीशी पुष्कळ बाबतींत जुळते. तीही म्हैस, गेंडा किंवा पाणघोड्याच्या जाड कातड्याची, गोल आणि मध्ये उंच होत गेलेली, पाठीमागच्या पकडीने हातात धरायची. मानाच्या ढालीवर रंगीत मखमल चढवून चांदीच्या नक्षीदार पट्ट्या ठोकत. पराक्रम गाजवणाऱ्याला राजाकडून अशी ढाल मिळे आणि समारंभात ती त्याच्यापुढे मिरवली जाई. तिथे जमिनीच्या एका मोठ्या मापालाही गाशाच म्हणत, लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन देण्याच्या रिवाजाशी ते जोडलेले आहे. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत सम्राट मेनेलिकच्या फौजेने इटलीचा पराभव केला तेव्हा बंदुकांबरोबर ढाल-भाले घेतलेले योद्धेही रणात होते.

दख्खनला हा मुलूख अनोळखी नव्हता. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि गनिमी काव्याच्या लढाया त्याने मराठा सरदारांना बरोबर घेऊन लढल्या. दोन्ही प्रदेश डोंगरी, दोन्हीकडे गुरांचे कातडे मुबलक आणि दोन्हीकडे भर चपळ लढाईवर. सारख्या गरजेतून सारखे साधन घडले.

बंदूक आली, ढाल तालमीत गेली

गोळीपुढे कातडे टिकत नाही, हे ढाल मागे पडण्याचे उघड कारण. दुसरे कारण हाताच्या हिशेबात आहे. संगीन लावलेली बंदूक भरायला, रोखायला आणि चालवायला दोन्ही हात लागतात, ढालीसाठी हात उरत नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्यांत ढालीला जागा नव्हती. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळा येथल्या गडकऱ्यांनी बंड केले. ते मोडल्यावर किल्ल्यांची लष्करी ताकद संपवण्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या हत्यार चालवणारे गडकरी रिकामे झाले. १८५७ च्या उठावात कोल्हापूरची पलटण सामील झाली होती, त्यानंतर इंग्रजांचा पहारा आणखी कडक झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्यार बाळगण्यावरही बंधने आली.

रणांगणावरून उतरलेली ही विद्या तालमींनी सांभाळली. राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापूर मल्लविद्येचे केंद्र झाले, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळाले. कुस्तीच्या मातीशेजारीच लाठी, बोथाटी, विटा, भाला, पट्टा आणि ढाल-तलवार शिकवणारे वस्ताद होते. या सगळ्याला मिळून मर्दानी खेळ म्हणतात. शिवजयंती, दसरा आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर ते सादर होतात, आणि ६ जूनला रायगडावर राज्याभिषेकाच्या सोहळ्यातही.

ढालीची पहिली ओळख बहुधा फरी-गदक्याने होते. फरी ही कातड्याची छोटी ढाल आणि गदका म्हणजे कातडे मढवलेली काठी. इजा न होता तलवारबाजी शिकता यावी यासाठीच ही जोडी. शिकणाऱ्याने आधी पवित्रा घ्यायचा. डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, फरी छातीपुढे आणि तिच्या कडेवरून समोरच्याच्या खांद्यावर नजर. हाताआधी खांदा हलतो, म्हणून नजर तिथे. वार आला की फरी त्याच्या दिशेने जाते, मागे सरत नाही. नवखा मुलगा फरी तोंडासमोर धरतो आणि स्वतःचीच नजर झाकून घेतो. वस्ताद सगळ्यात आधी ही सवय मोडतात. मग हूल ओळखणे, पाय बदलणे आणि झेललेल्या वाराच्या पाठोपाठ आपला वार काढणे असा क्रम.

माडू हे आणखी एक खास हत्यार. लहान ढालीच्या दोन्ही बाजूंना काळविटाची दोन शिंगे, टोके विरुद्ध दिशांना. अडवणे आणि भोसकणे ही दोन्ही कामे एकाच मुठीत. दोन्ही हातांत दोन माडू घेऊन फिरणारा खेळाडू मधे उभा राहिला की चारी बाजूंचे लाठीवाले त्याच्या जवळ येऊ शकत नाहीत.

आजचे जतन

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गेंडा आणि काळवीट दोन्ही संरक्षित झाले. त्यामुळे गेंड्याच्या ढाली आणि शिंगांचे अस्सल माडू आता बाजारात विकत घ्यायच्या वस्तू राहिल्या नाहीत. खेळासाठी धातूच्या, फायबरच्या आणि साध्या कातड्याच्या ढाली बनतात. जुन्या ढाली सांभाळणाऱ्या घरांवर मात्र जबाबदारी आहे. दमट हवेत कातड्याला बुरशी लागते, अस्तराला कसर लागते, उन्हात लाख तडकते आणि चकाकी आणण्यासाठी घासलेल्या ढालीवरची सोनेरी नक्षी कायमची जाते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे, सावलीत हवेशीर ठेवणे आणि दुरुस्तीसाठी संग्रहालयातल्या जाणकारांचा सल्ला घेणे एवढे पथ्य पाळले तरी ती आणखी काही पिढ्या टिकते.

वस्तू जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते ती चालवण्याचे ज्ञान. ढालीची पाठ, तिची गादी, मुठीची पकड आणि वार उधळण्याची रीत हे पुस्तकापेक्षा वस्तादाच्या हाताखाली लवकर कळते. कोल्हापूरच्या तालमींत हे शिक्षण अजून चालू आहे, आणि आता मुलीही मोठ्या संख्येने ते घेत आहेत. संग्रहालयातली ढाल आपला काळ सांगते, तर तालमीतली ढाल ती कशी वापरायची ते शिकवते. मराठा ढालीचा वारसा पूर्ण राहायचा तर दोन्हींची जपणूक व्हायला हवी.